तिसऱ्या मजल्यावरची वाटी

"पडणार... पडणार... कुणी बोलायचं नाही... पडली!"

पितळी वाटी फरशीवर ठणकन आपटली आणि अख्ख्या हॉलने अडवून धरलेला श्वास सोडला. मागचे लोक खुर्च्यांवर उभे राहिले. पुढच्या रांगेतल्या एका आजीने डोळे पुसले. सतरंजीवर उघड्या छातीने पडलेला माणूस हळूच उठून बसला, छातीवर उमटलेल्या लाल गोल वळाकडे त्याने पाहिलं आणि म्हणाला, "गेलं. खरंच गेलं."

"जाणारच!" वाटीमहाराज गरजले. "डॉक्टर काय करतात? कापतात! आम्ही काय करतो? ओढतो! फुस्स झालं, ऐकलंत ना सगळ्यांनी? तो गॅस होता. गेल्या कित्येक वर्षांचा कोंडलेला गॅस. कुणी रागाने कोंडतो, कुणी दुःखाने. वाटीला ज्योत पाजायची, छातीवर लावायची, गॅस संपेपर्यंत वाटी सोडत नाही. संपला की आपोआप पडते. पुढचे या!"

पुढचे म्हणजे पेंटरकाका. शर्टाची बटणं ते जिन्यातच सोडून आले होते, कारण चढताना जीव घाबरा झाला होता. त्यांच्यामागे, दाराशी, खांद्याला पिशवी अडकवून एक तिशीतली बाई उभी होती. शाळेत विज्ञान शिकवायची, म्हणून सगळी गल्ली तिला बाईच म्हणायची. बाई काकांच्या दुकानाच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत. "तुम्ही विज्ञानाच्या ना? मग या एकदा, डोळ्यांनी बघा," असं काकांनीच त्यांना सांगितलं होतं. म्हणून आज त्या डोळ्यांनी बघत होत्या.

महाराजांनी चिमट्यात धरलेला पेटता कापूस वाटीच्या आत गोल फिरवला, काढला आणि वाटी काकांच्या तेल लावलेल्या छातीवर झटकन पालथी घातली. कातडी आत ओढली गेली. वाटी घट्ट बसली.

"आता हलायचं नाही. बोलायचं नाही. शांत पडायचं."

काका शांत पडले. महाराज त्यांच्या शेजारी मांडी घालून बसले, एक हात वाटीजवळ, दुसरा कपाळावर. मधूनमधून ते मऊ आवाजात विचारत, "काका, कमी आहे का?" काका मानेने नाही म्हणत. लोक चिडीचूप. मग काकांचा चेहरा सैल पडला, कपाळावरची आठी गेली. "आता?" काकांनी मान हलवली. हो.

आणि तेव्हाच बाईंना तो अंगठा दिसला. सगळ्यांचे डोळे वाटीवर होते. बाईंचे वाटीच्या कडेवर होते. महाराजांचा अंगठा कडेलगतची कातडी हलकेच आत दाबत होता. फुस्स. वाटी सुटली, ठणकन पडली. पुन्हा टाळ्या.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, असं आपण म्हणतो. इथे तर फांदी आधी तुटायची आणि मग कावळ्याला आणून तिच्यावर बसवायचे.

*

"काका, काडेपेटी आहे?"

"आहे. पण बाहेर ओढा. आत थिनरचे डबे आहेत, तुमच्या विज्ञानाआधी आपणच वर जाऊ."

दुकानासमोरच्या पायरीवर बाईंनी काचेचा एक तुकडा ठेवला. स्वतःच्या स्वयंपाकघरातली वाटी आणली होती, तिच्या कडेला काकांच्याच डब्यातली पुट्टी वळून लावली. कापूस पेटवून वाटीत फिरवला, बाजूला केला, वाटी काचेवर पालथी दाबली. थोडं थांबून वाटी धरून उचलली. खालून काच उचलून आली.

"अभिनंदन," बाई म्हणाल्या. "काचेला गॅस झालाय."

काका हसले. ते हसले की दोन्ही खांदे हलायचे.

"आता बघा. ज्योतीने आतली हवा तापली, पसरली, थोडी बाहेर गेली. वाटी लावल्यावर उरलेली थंड झाली, आकसली. आत हवेचा जोर कमी, बाहेर जास्त. म्हणजे वाटी काहीच ओढत नाही, बाहेरची हवा तिला दाबून धरते. आता तो फुस्स." त्यांनी काच खाली ठेवली, वाटीच्या कडेला कोरड्या निळ्या रंगाची चिमूट टाकली आणि त्याच जागी पुट्टीत टाचणी खुपसून काढली. फुस्स. वाटी उचलली. काचेवर, वाटीच्या आतल्या बाजूला, निळा फराटा उमटला होता.

"गॅस बाहेर पडला असता तर रंग बाहेर उडाला असता. रंग आत गेला. तो आवाज हवा आत शिरण्याचा आहे, काका. तुमच्या छातीतून काहीसुद्धा निघत नाही."

काका त्या फराट्याकडे बघत राहिले. आयुष्यभर रंग वाचलेला माणूस तो. खोटं बोलण्याची सोय नव्हती.

"मग दुखायचं थांबतं ते?"

"तेच तर! तुमचं दुखणं येतं कधी?"

"हात दुखतो हो. मी पडलो डावखुरा. चाळीस वर्षं याच हातात ब्रश. दुखणारच."

"आज सकाळी मोठी पाटी रंगवलीत. तेव्हा दुखला?"

काका विचारात पडले. "नाही. बसून रंगवतो ना मी."

"आणि बाजारात चालत जाताना?"

"तेव्हा दुखतो. छातीपण आवळते."

"चालताना हातात ब्रश असतो?"

काकांनी आपला रंगलेला डावा हात उलटसुलट करून पाहिला.

"चालताना, चढताना दुखतं. थांबलात की थांबतं. काका, हा हात नाही आणि गॅसही नाही. हृदयाला काम वाढलं की रक्त पुरत नाही, ते ओरडतं. बसलात की काम कमी, ओरडणं बंद. महाराजांनी हॉल कुठे घेतलाय? तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. जिना दुखणं आणतो, सतरंजी ते घालवते. वाटी मधल्यामध्ये श्रेय खाते. वाटी पडली म्हणून दुखणं थांबत नाही. दुखणं थांबलं की ते वाटी पाडतात. तिथे लिफ्ट बसवा, निम्मे चमत्कार बंद पडतील."

एवढं बोलून बाईंना फार बरं वाटलं. वर्गात एखादं प्रमेय फळ्यावर शेवटच्या ओळीपर्यंत नीट उतरलं की वाटतं तसं. त्यांनी हात झटकले आणि म्हणाल्या, "उद्या डॉक्टरकडे जा."

काकांनी काच पुसायला घेतली. निळा रंग फडक्याला लागला, पसरला.

"बाई, मला माहीत होतं."

"काय?"

"अंगठा. मी तिथे झोपलेला असतो, मला लागत नाही का तो?"

"मग तुम्ही जाता कशाला?"

"तो विचारतो, काका, कमी आहे का? कपाळावर हात ठेवून विचारतो. मी सांगेपर्यंत थांबतो." काका काच उजेडात धरून डाग बघत होते. "ही गेल्यापासून माझ्या अंगाला कुणाचा हात लागलाय तो न्हाव्याचा. तोही घाईत असतो. मुलगा फोन करतो, बाबा, डॉक्टरकडे जा. कोपऱ्यावरचा किराणावाला म्हणतो, डॉक्टरकडे जा. आता तुम्ही. तो भामटा आहे हे मलाही कळतं, पण तो 'या' म्हणतो. तुम्ही सगळे शहाणे 'जा' म्हणता."

बाई वाटी घेऊन वर आल्या. प्रमेय बरोबर होतं. उत्तरही बरोबर होतं. मग चुकलं कुठे, ते समजेना. त्यांनी एकट्यापुरती खिचडी टाकली आणि खालून येणारा रेडिओचा आवाज ऐकत बसल्या. या गावात बदली होऊन आल्यापासून त्यांच्याशी रोज बोलणारं तेवढंच काही होतं, आणि तेही खालच्याचं.

*

गॅस हा शब्द मोठा सोयीचा आहे. पोट दुखलं, गॅस. पाठ धरली, गॅस. जबडा दुखला, छाती आवळली, घाम फुटला, तरी गॅस. दुसरा एक शब्द आहे, पण तो तोंडातून काढला तर खरा होईल अशी भीती वाटते. म्हणून माणसं ओवा खातात, सोडा पितात, घरभर फेऱ्या मारतात, ढेकर आला की सुटलो म्हणतात.

त्यानंतरच्या रविवारी भर दुपारी खाली डबा पडल्याचा आवाज झाला. डबे रोजच पडत. पण पडलेल्या डब्याला काकांची शिवी मिळाली नाही, तेव्हा बाई चपला न घालताच खाली धावल्या.

काका स्टुलावर बसले होते. समोर घोडीवर पाटी टेकवलेली, त्यावर पिवळ्या रंगात ठसठशीत अक्षरं: येथे गाड्या लावू. ब्रश जमिनीवर. शर्ट पाठीला चिकटलेला. चेहरा न धुतलेल्या फडक्यासारखा.

"काही नाही. गॅस आहे. जरा वाटी लावून येतो."

"कधीपासून होतंय?"

"मघापासून. आज जबड्यातपण चढलाय. मळमळतंय." ते उठायला लागले. "एवढं 'नये' लिहून घेतो आणि निघतो. नाहीतर लोक खरंच गाड्या लावतील."

"बसा."

"अहो, दोन अक्षरं..."

"काका, बसा म्हणते ना! एक पाऊल टाकायचं नाही."

त्या आवाजाला शाळेतली टवाळ पोरंही बसायची. काका बसले. बाईंनी त्यांच्या शर्टाची वरची बटणं सोडली, पाठ भिंतीला टेकवून त्यांना जमिनीवर नीट बसवलं, गुडघे वर घेतले. एका हाताने फोन लावत होत्या. पलीकडून कुणीतरी शांतपणे प्रश्न विचारत होतं, बाई उत्तरं देत होत्या. वय. घाम, हो. डावा हात, जबडा, हो. शुद्धीवर आहेत. पत्ता.

"कुणाला बोलावताय? ॲम्ब्युलन्स? बाई, तमाशा नको. अख्खी गल्ली जमेल. मी जातो ना वाटीकडे, हक्काची जागा आहे, पडून राहिलो की थांबतं."

"जिना चढलात आज?"

"नाही."

"चाललात कुठे?"

"नाही हो. सकाळपासून इथेच बसलोय."

"म्हणजे पडून राहिल्यासारखंच. थांबलं का?"

काकांनी तळहात छातीवर दाबला.

"आजवर बसलं की थांबायचं. म्हणून अंगठा दाबायची वेळ यायची. आज बसून आहात आणि वाढतंय." बाईंचा आवाज हलला, पण त्यांनी वाक्य पुरं केलं. "काका, आज वाटी पडणार नाही."

रस्त्यावरून एक सायकल गेली. रेडिओवर कुणीतरी हवामान सांगत होतं.

"मग?" काकांनी विचारलं. आवाज इतका बारीक की तो त्यांचाच आहे हे कळायला वेळ लागला.

"दवाखाना."

"नाही. तिथे नाही." त्यांनी मान फिरवली. "हिच्या वेळी मी होतो बरोबर. औषध आणा, सही करा, रक्त द्या, बाहेर थांबा, सगळं मी केलं. शेजारच्या खाटेवर एक म्हातारा होता. दर थोड्या वेळाने नर्स यायची, विचारायची, आजोबा, तुमच्याबरोबर कोण? तो दाराकडे बघायचा. म्हणायचा, येतोय. बाई, कुणी येत नव्हतं. मला तसं दाराकडे बघायचं नाही. इथेच बरं."

बाईंच्या जिभेवर वाक्य तयार होतं. वेळ दवडू नका, जितका उशीर तितका हृदयाचा स्नायू मरतो, पुस्तकात आहे, मी शिकवते. सगळं खरं. त्यांनी ते गिळलं आणि काकांचा रंगाने माखलेला डावा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. तो बर्फासारखा गार होता.

"चला," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे मी येतेय. गाडीत बसणार, आतपर्यंत येणार. हाकलून देईपर्यंत थांबणार, हाकललं तर दाराशी थांबणार. शाळेला उद्या रजा टाकीन. चला, काका."

"लोक विचारतील, तुम्ही कोण."

"वरची आहे म्हणून सांगेन."

काका एवढ्या कळेतही ओठांतल्या ओठांत हसले. "बरोबर आहे. डॉक्टर नाहीतरी म्हणतातच, आता सगळं वरच्याच्या हातात." मग डोळे मिटले. "बरं. चला."

फोनवरच्या माणसाने सगळं विचारून ॲस्पिरिनची गोळी चावून खायला सांगितली होती. बाईंनी ती दिली. गाडी आली तेव्हा गल्ली खरोखरच जमली होती. काकांनी स्ट्रेचरवरून फक्त एक सूचना केली, "कुणीतरी त्या पाटीला उलटी करून ठेवा रे."

*

"पेशंटबरोबर कोण?" काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता विचारलं.

"मी."

"कोण लागता?"

"वरची."

त्याने मान वर केली.

"वरच्या मजल्यावरची," बाई म्हणाल्या. तो काहीतरी लिहून मोकळा झाला. त्याला रोजच तऱ्हेतऱ्हेचे नातेवाईक भेटत असावेत.

मग बाकावर बसणं. बाईंनी काकांच्या मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "मी किती वेळा सांगितलं होतं त्यांना, जा म्हणून." मग म्हणाला, "निघतो." बाईंच्या तळव्यांना लादी गार लागली, तेव्हा चपला घरी राहिल्याचं लक्षात आलं. शेजारच्या बाकांवर माणसं डबे उघडत होती, एकमेकांना पाणी देत होती. त्यांच्या मनात आलं, आपल्या हातून डबा पडला असता तर? खाली आवाज गेला असता. पण वर कुणाला गेला असता? त्यांच्या वर गच्ची होती.

बऱ्याच वेळाने डॉक्टर आल्या. बाईंपेक्षाही वयाने लहान, डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

"एक रक्तवाहिनी बंद होती. उघडली. धोका टळला म्हणायला अजून थोडा वेळ द्या, पण वेळेत आणलंत. ते छातीवर गोल डाग कसले?"

बाईंनी सांगितलं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

"तिसरा मजला? आज चढले असते तर..." त्यांनी वाक्य अर्धंच ठेवलं. "अजून कोण कोण जातं हो तिथे?"

*

वाटीचे वार दोन, रविवार आणि गुरुवार. काकांचा धोका टळला, आणि गुरुवारी शाळा सुटल्यावर बाई त्या इमारतीत गेल्या. हॉलमध्ये नाही गेल्या. जिन्याच्या पहिल्या वळणावर, जिथे बहुतेकांना धाप लागते, तिथे घरून आणलेलं स्टूल ठेवून उभ्या राहिल्या.

"वर जाऊ नका," त्या म्हणत. लोक बाजूने जात. एकाने विचारलं, "तुम्ही स्टूल विकता का?" महाराजांचा चेला वरून डोकावला. "ए बाई, भक्तांना अडवू नका. ज्योत विझेल."

"विझू दे. तशीही वाटी लावताना ती बाहेरच असते."

एक पन्नाशीची शिंपीणबाई चढत आली. गळ्यात अजून मापाची पट्टी. वळणावर थांबली, कठडा धरला, दुसरा हात छातीच्या मधोमध गेला.

"दुखतंय?"

"गॅस आहे. वर गेलं की जातो."

"इथे बसा. दोन मिनिटं. मग खुशाल जा, मी अडवणार नाही."

ती बसली. मुख्य कारण स्टूल होतं. पाय भरून आले होते. बाई तिच्याजवळ पायरीवर बसल्या. चढणारे दोघे-चौघे उगाच थांबले. फुकटचा खेळ कुणाला नको असतो?

थोड्या वेळाने शिंपीणबाईने छातीवरचा हात काढला.

"कमी झालं?"

"हो." ती स्वतःच चपापली. "थांबलं."

"वाटी कुठे आहे?"

तिने वर पाहिलं. वरून टाळ्यांचा आवाज आला. कुणाची तरी पडली होती.

"तिकडे वर," ती सावकाश म्हणाली. "आणि माझं इथेच थांबलं."

थांबलेल्यांपैकी एक म्हातारा पायरीवर टेकला. "थांबा, मला बघू द्या जरा," म्हणाला. चेल्याने खाली येऊन आरडाओरडा केला, स्टुलाला लाथ मारली, जाणाऱ्यांना वर हाकललं. बहुतेक लोक वर गेलेच. एका दुपारीत कुणाचा विश्वास मोडत नाही, आणि बाईंनी तशी आशाही धरली नव्हती. त्या शिंपीणबाईला धरून हळूहळू जिना उतरल्या आणि दोघी दवाखान्यात जायला रस्त्यावर गाडीची वाट बघत उभ्या राहिल्या. मापाची पट्टी गळ्यातच होती. म्हातारा मागून येत होता, एकेक पायरी थांबत.

वाचणाऱ्याला एवढंच सांगायचं आहे. चालताना छाती आवळते आणि बसल्यावर सुटते, हा गॅस समजू नका. आजच तपासून घ्या. बसूनही सुटत नसेल, घाम फुटला असेल, हातात, जबड्यात, पाठीत कळ जात असेल, तर वाटी, ओवा, सोडा, काहीही करत बसू नका. चालत जाऊ नका, गाडी बोलवा. गॅस निघाला तर डॉक्टर हसतील आणि घरी पाठवतील. तेवढं हसू परवडतं.

आणि तुमच्या भिंतीपलीकडे, मजल्याखाली कुणी एकटं राहत असेल, तर आज दार वाजवून विचारा, बरं आहे ना. भामट्यांचा सगळा धंदा या एका न विचारलेल्या प्रश्नावर चालतो.